'जास्त' म्हणजे किती?



या अंकाचं संपादकीय खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरलं होतं. पण ओझरच्या गटबैठकीला एक मैत्रीण उशिरा आली, दाराजवळच बसली आणि सगळ्या उठायला लागल्यावर म्हणाली, "थांबा जरा. माझ्या रक्ताच्या आजाराला नाव मिळालंय. ते नीट म्हणायलाच मला चार दिवस लागले." मग पाकिटातली चिठ्ठी काढून तिनं एकेक अक्षर लावत वाचलं : व्हॉन विलेब्रँड. बैठकीतल्या एकीनंही हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं आरोग्याची शिबिरं घेणाऱ्या आम्हीसुद्धा नाही.

तिच्या परवानगीनं हे लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओझर म्हटलं की विमानांचा कारखाना आठवतो. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला आणि गावाच्या नावाला 'मिग' कायमचं चिकटलं. भोवती निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा. आमची मैत्रीण या बागांमध्ये कामाला जाते. छाटणीपासून विरळणीपर्यंत सगळं काम उभ्यानं, हात वर करून. बागेत आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही. पाळीच्या दिवसांत ती आत जुन्या साडीचा जाड थर लावायची, वरून गडद रंगाचं लुगडं नेसायची आणि दुपारी जेवायला बसताना खाली गोणपाट घ्यायची, म्हणजे माती लाल होऊ नये.

बाराव्या वर्षी पाळी आली तेव्हापासून हे असंच. आठ-नऊ दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. आई म्हणायची, "आपल्या घरात बायकांना असंच असतं. माझंही असंच होतं." लहानपणी घोळणा फुटायचा, तो उन्हामुळं. अंगावर निळे-काळे डाग उठायचे, ते कुठंतरी आपटल्यामुळं. दाढ काढली तेव्हा रात्रभर उशीवर रक्त येत राहिलं, ते दाढ मोठी होती म्हणून. दुसऱ्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी एकदम रक्तस्राव सुरू झाला, रक्ताच्या तीन बाटल्या चढवाव्या लागल्या. ते सव्वा महिना पाळला नाही म्हणून. प्रत्येक वेळेला कारण तयार होतं, आणि बहुतेक कारणांत चूक तिचीच होती.

चौतिसाव्या वर्षी एका दवाखान्यात सांगितलं, "दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका, कटकटच मिटेल." तारीख ठरली, पैसे उसने घेतले. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "कधी दात काढलाय का? किती वेळ रक्त आलं?" आमची मैत्रीण सांगत गेली, त्या ऐकत गेल्या, आणि ऑपरेशन थांबलं. नाशिकला तपासणी झाली. मग पंचवटी एक्सप्रेसनं दादर, तिथून परळ, पुन्हा तपासणी. दोन्ही वेळा नवरा कामावर खाडा करून सोबत होता. हेही लिहायला हवं.

हा आजार काय आहे ते साध्या शब्दांत सांगतो. कुठं कापलं की रक्तातल्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेच्या कडेला चिकटून भोक बुजवतात. त्या चिकटायला एक प्रथिन लागतं. तेच प्रथिन रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर आठ'लाही सांभाळून ठेवतं. ते कमी असलं किंवा त्याची घडण बिघडलेली असली की रक्त थांबायला वेळ लागतो. आजार जन्मतःच येतो आणि जन्मभर सोबत राहतो. त्याचे सौम्य, मध्यम, तीव्र असे प्रकार आहेत. तीव्र प्रकार खरोखरच दुर्मिळ. सौम्य प्रकार तितका दुर्मिळ नाही. जगभरात आनुवंशिक रक्तस्रावी विकारांमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो असं मानतात. आपल्याकडं तो दुर्मिळ वाटतो, कारण तो शोधलाच जात नाही.

शोधायचा म्हटलं तरी तो सहज सापडत नाही. नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी दिसतं, प्लेटलेट्स पुरेशा दिसतात, रक्त गोठण्याच्या साध्या चाचण्यासुद्धा पुष्कळदा ठीक येतात. मग लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. त्या प्रथिनाची वेगळी चाचणी मागावी लागते. ताण, ताप, गरोदरपण यांत ते प्रथिन वाढतं, त्यामुळं एकदा तपासून भागत नाही, पुन्हा तपासावं लागतं. गरोदरपणात वाढलेलं प्रथिन बाळंतपणानंतर खाली उतरतं. आमच्या मैत्रिणीला दहाव्या दिवशी का रक्त गेलं, याचं उत्तर इथं आहे. सव्वा महिन्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

या आजाराचा इतिहास वाचला तेव्हा आम्ही गप्प झालो. फिनलंडच्या ओलांड बेटांवरून १९२४ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांच्याकडं आणली गेली. तिचं नाव योर्डिस. तिच्या चार बहिणी लहानपणीच रक्तस्रावानं गेल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या कुटुंबाचा अभ्यास करून १९२६ मध्ये या आजारावर निबंध लिहिला आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. योर्डिस मात्र मोठी झाली, तिला पाळी आली, आणि चौथ्या पाळीत रक्तस्राव न थांबल्यानं ती गेली. शंभर वर्षं होत आली. आज औषधं आहेत, चाचण्या आहेत. पण पाळीत मुलीचं किती रक्त जातंय, हे विचारायची पद्धत अजून आपल्याकडं पडलेली नाही.

ती का पडली नाही, याचा विचार करताना आमचं बोट आमच्याचकडं वळतं.

आपण चळवळीतल्या बायकांनी पाळीवरचा विटाळ घालवायला जिवाचं रान केलं. "पाळी हा आजार नव्हे, ती निसर्गाची देणगी आहे," हे शिबिरांतून, पथनाट्यांतून, भिंतींवरून सांगितलं. ते खरं होतं, आजही खरं आहे आणि यापुढंही सांगावं लागेल. पण ते सांगता सांगता पाळीतसुद्धा आजार असू शकतो, हे म्हणायची जागा आपण बुजवून टाकली. आमच्या त्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन आमच्याच शिबिरात एकदा आठ आलं होतं. आम्ही तिला काय सांगितलं? गूळ-शेंगदाणे खा, पालेभाज्या खा, लोखंडी कढईत भाजी कर. तिनं केलंही. "तुझं जातं किती?" असं कुणी विचारलं नाही. तिनं आपण होऊन सांगावं तर कुणाला? आई म्हणत होती घराण्यातच आहे, डॉक्टर म्हणत होते अशक्तपणा आहे, आणि आम्ही म्हणत होतो नैसर्गिक आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. या बायकांच्या ताटात कमी पडतं, हे आपण ओरडून सांगत आलो आहोत. त्यांच्या अंगावरून किती जातं, हा हिशेबाचा दुसरा रकाना आपण रिकामा ठेवला.

हिशेबाची गोष्ट ओझरला सांगायला नको. याच गावात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाकडं असलेल्या या शेतांना पाणी पोचतच नव्हतं. पाणी मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मोजायला लागल्यावर भांडता येऊ लागलं, कारण हातात आकडा होता. नुसतं "पाणी कमी येतं" म्हणणाऱ्याला कुणीही परत पाठवतो.

"माझं जास्त जातं" म्हणणाऱ्या बाईचंही तेच होतं. जास्त म्हणजे किती? डॉक्टरांच्या पुस्तकात एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेलं तर ते जास्त धरतात. घरी कुणी मिलिलिटर मोजत नाही. म्हणून १९९० मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चित्रांचा एक तक्ता केला : पॅड थोडा भिजला, अर्धा भिजला, पूर्ण भिजला, लहान गाठी, मोठ्या गाठी. रोज खुणा करायच्या, पाळी संपल्यावर गुण मोजायचे. शंभराच्या वर गेले तर तपासणीची गरज आहे असं समजायचं. हा तक्ता लिहिता न येणाऱ्या बाईलाही भरता येतो. आमच्या मैत्रिणीनं भरला. तिचे गुण शंभराच्या कितीतरी पुढं गेले. म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात पुरावा आला."

आता पिशवीबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण आपण विसरलेलो नाही. २०१९ मध्ये शासनानं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागं उचल, खाडा, दंड, पाण्याची आणि आडोशाची वानवा, नफेखोर दवाखाने असं पुष्कळ आहे. त्यांच्यापैकी कुणाला हा आजार होता, असं आम्ही म्हणत नाही. म्हणायचं इतकंच की बाईनं पाळीची तक्रार केली की कारण न शोधता अवयवच काढायचा, हा रस्ता बीडमध्ये आहे तसा नाशिकमध्येही आहे. जास्त रक्त जाण्यामागं बहुतेकदा गर्भाशयातल्या गाठी, संप्रेरकांचा बिघाड, थायरॉइड अशी कारणं असतात. पण ज्या थोड्याजणींच्या रक्तातच दोष आहे, त्यांच्यासाठी तयारी न करता केलेली शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते. एका डॉक्टरबाईंनी दाढेबद्दल विचारलं म्हणून आमची मैत्रीण आज बैठकीला येते आहे.

नाव मिळाल्यावर काय झालं? आधी सुटल्यासारखं वाटलं, असं ती सांगते. "मी नाटकी नव्हते, नाजूक नव्हते. खरंच काहीतरी होतं." हे सुटल्यासारखं वाटणं आठवडाभर टिकलं. मग भीती आली. भाजी चिरताना विळीची भीती. अंगावरचा प्रत्येक डाग मोजायची सवय. रात्री उठून मुलीच्या अंगावरची चादर सरकवून तिचे पाय बघणं. 'जन्मभर' हा शब्द डॉक्टर सहज बोलून गेले होते, तो हिच्या घशात अडकून बसला.

त्यात सासूबाईंचा शब्द आला : "माहेरची खोट घेऊन आली." तिकडं आई रडायला लागली, "मीच दिलं तुला." दोन घरांतल्या दोन बायका आणि दोघींच्या मते दोष बाईचाच. खरं असं आहे की हा आजार आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, मुलीला होतो तसाच मुलालाही होतो. नेहमीच्या प्रकारात दोघांपैकी एकाला असला तरी प्रत्येक मुलामागं निम्मी शक्यता असते. तीव्र प्रकारात सहसा दोन्हीकडून यावा लागतो, म्हणून नात्यात लग्नं करणाऱ्या घरांनी अधिक जपायला हवं. पुरुषांना पाळी नाही, बाळंतपण नाही, म्हणून सौम्य आजार असलेल्या कित्येक पुरुषांना तो जन्मभर कळत नाही. आमच्या मैत्रिणीच्या भावाला विचारलं तर त्याचीही दाढ दोन दिवस वाहिली होती. त्याला मात्र कुणी खोट म्हटलं नव्हतं.

मग मुलीची तपासणी झाली. अकरा वर्षांची आहे. तिच्यातही ते प्रथिन कमी निघालं. "सांगू नका, पुढं लग्नाला अडचण येईल," असं घरात सगळ्यांचं मत पडलं. आमची मैत्रीण दोन रात्री जागी राहिली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मुलीला जवळ बसवून सगळं सांगितलं. मुलीनं एकच विचारलं, "मग मी कबड्डी खेळू की नको?" याचं उत्तर अजून पक्कं नाही. ज्या खेळात जोराची आपटाआपट होते त्यापासून जपा, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी रुसली आहे. पण तिची पहिली पाळी येईल तेव्हा घरात औषध असेल, शाळेतल्या बाईंना माहीत असेल, आणि "आपल्या घरात असंच असतं" हे वाक्य तिला ऐकावं लागणार नाही.

औषधं आहेत, हे पुन्हा सांगतो, कारण निदान ऐकल्यावर ते आधी कुणी सांगत नाही. पाळीच्या दिवसांत रक्त टिकवून धरणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी फार महागडी नाही. बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावात हेच औषध तीन तासांच्या आत शिरेतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं आहे. काहींना संप्रेरकांच्या गोळ्या किंवा औषध सोडणारी तांबी लागू पडते, काहींना डेस्मोप्रेसिन. तीव्र आजारात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते प्रथिन असलेला फॅक्टर शिरेतून द्यावा लागतो. काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. पण दुखलं-खुपलं म्हणून ॲस्पिरीन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायची नाही, दात काढण्याआधी आणि बाळंतपणाआधी सांगायचं, स्नायूत सुई घेण्याआधी सांगायचं आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी कायम जवळ ठेवायची, हे आपल्या हातात आहे.

एक गोष्ट कायद्याची. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये आला. त्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्तविकार आले. ही मोठीच कमाई. पण हिमोफिलियाची व्याख्या वाचा. तिचा अर्थ असा की हा आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो आपल्या मुलग्यांपर्यंत पोचवतात. म्हणजे कायद्याच्या लेखी बाई नुसती वाहक. तिचं स्वतःचं रक्त जातं ते कुठंच धरलेलं नाही. डॉक्टरांच्या जगात हे आता बदलतं आहे. ज्यांना आजवर वाहक म्हटलं त्यांच्यापैकी अनेकींना स्वतःलाही रक्तस्रावाचा त्रास होतो, हे २०२१ मध्ये तज्ज्ञांनी नव्या नावांत मांडलं. २०२५ च्या १७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिनाचा विषयच स्त्रिया आणि मुली हा होता. आपल्या कायद्यात मात्र व्हॉन विलेब्रँडचं नावसुद्धा नाही. ते यावं आणि हिमोफिलियाची व्याख्या बदलावी, ही मागणी आपल्याशिवाय कोण करणार?

तोवर गटांनी काय करावं? बैठकीत हिमोग्लोबिनबरोबर पाच प्रश्न विचारा. पाळी सात दिवसांच्या वर जाते का? एक-दोन तासांत पॅड किंवा कपडा पूर्ण भिजतो का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का? दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत रक्त थांबायला त्रास झाला का? घरात आणखी कुणाचं असं होतं का? पाळीच्या उत्तराबरोबर शेवटच्या दोनपैकी एकालाही 'हो' आलं तर तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. जिल्हा रुग्णालयातल्या हिमोफिलिया केंद्रात चौकशी करा. पुढच्या तपासणीसाठी परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. पिशवी काढायला सांगितलं असेल तर 'रक्ताची तपासणी झाली का?' हा प्रश्न तिच्या तोंडी द्या. आणि निदान झालं की तिच्या घरी जा. सासरी जा, माहेरी जा, दोन्हीकडच्या बायकांसमोर बसून सांगा की यात कुणाचीही चूक नाही. औषध दवाखान्यात मिळेल, पण हे सांगायला आपल्यालाच जावं लागेल.

पुढच्या बैठकीला आमची मैत्रीण तो तक्ता घेऊन येणार आहे, वीस प्रती काढून. पैसे तिनं स्वतःच्या हजेरीतून घातले आहेत. तक्त्याचा नमुना हवा असलेल्या गटांनी नेहमीच्या पत्त्यावर लिहा. आणि तुमच्या गावात "आमच्या घरात असंच असतं" असं कोण कोण म्हणतं, तेही कळवा.

— संपादक मंडळ